नोव्हेंबरभर एमटीबी (माउंटन बाइक): चार रविवार, ग्रुप राईड आणि ट्रेलवर श्रमदान, आखणी कशी करावी?

ऐरोलीचं_चाक
नमस्कार मंडळी. ऐरोली, घणसोली आणि कळवा मिळून आम्ही सोळा जण आहोत. सगळ्यांकडे हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन), २९ इंची चाकं, २.१ ते २.२५ चे टायर, ट्यूबवालेच. त्यातले सात-आठ जण कच्च्या वाटेवर नवखे आहेत. पाऊस उघडलाय, तेव्हा नोव्हेंबरचे चार रविवार धरून महिना आखायचा आहे. कच्चा आराखडा असा:

पहिला रविवार पाम बीच रोड, दुसरा येऊर, तिसरा खारघरच्या डोंगराकडची ट्रेल, चौथा त्याच ट्रेलवर श्रमदान आणि शेवटी सगळ्यांचा नाश्ता.

ट्रेलच्या उतारावर मधोमध घोटाभर खोल चर पडलाय, साधारण ४० मीटर लांब. दगड-माती टाकून तो बुजवावा, वाट थोडी रुंद करावी आणि नवख्यांसाठी मधले दगड काढावेत असा विचार आहे. हे बरोबर आहे का? टायरमध्ये हवा किती ठेवावी, सोबत काय असावं आणि परवानगी कोणाची लागते, तेही सांगा.

मुरूम_माती
क्रम उलटा करा. श्रमदान पहिल्या रविवारी घ्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुरमात अजून ओल असते. कुदळ नीट लागते, आणि मुख्य म्हणजे टाकलेली माती धुमसाने ठोकली की घट्ट बसते. महिनाअखेरीस वरचा थर सुटा होतो आणि खालचा दगडासारखा कडक. तेव्हा उकरलेली माती कितीही ठोकली तरी बसत नाही, धूळ होऊन उडते आणि जूनच्या पहिल्या सरींत खाली जाते. शिवाय काम झाल्यावर त्या भागाला आठ-दहा दिवस निवांत बसू द्यावं लागतं. श्रमदान पहिल्या रविवारी झालं तर तिसऱ्या रविवारची राईड पक्क्या झालेल्या वाटेवर होते.

आता चराबद्दल. नुसता बुजवू नका. तो पाण्याने पाडलाय, आणि पाणी येण्याची जागा तीच राहिली तर टाकलेली माती पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाईल आणि सुटे दगड खालच्या वळणावर येऊन पडतील. चराच्या खालच्या टोकापासून वर चालत जा. चर जिथे सुरू होतो त्याच्या आणखी पाच-दहा मीटर वर बघा. वाळलेल्या पानांची रेघ, बारीक गाळाचा पट्टा, धुतल्यासारखे स्वच्छ दगड दिसतील. पाणी तिथून वाटेत शिरतंय. काम तिथून सुरू करायचं.

बहुतेक ठिकाणी दोष वाटेच्या बाहेरच्या कडेला सापडतो. चाकांनी आणि पायांनी मधली माती दबते, थोडी कडेला सरकते आणि दरीच्या बाजूला हळूहळू वरंबा तयार होतो. मग डोंगरावरून येणारं पाणी वाट ओलांडून खाली जाऊ शकत नाही, वाटेनेच पळत सुटतं. हा वरंबा काढून वाटेला बाहेरच्या बाजूला जरासा कल द्या. साधारण ५ टक्के, म्हणजे ९० सेंटीमीटर रुंदीला साडेचार सेंटीमीटर. डोळ्यांना हा कल जेमतेम कळतो. पाण्याला तेवढा पुरतो.

कल एकटा टिकत नाही, दोन-तीन पावसाळ्यांत वरंबा परत येतो. म्हणून ठरावीक अंतरावर उतारातच एक खोलगट निचरा काढायचा. पद्धत अशी:

जागा सौम्य चढावर आणि बाहेरची बाजू मोकळी उतरती असेल अशी निवडा. वाटेवर फक्कीने तीन मीटर लांबीचं अर्धवर्तुळ आखा, सपाट बाजू दरीकडे. त्यातली माती बाहेरच्या कडेकडे खोल होत जाईल अशी काढा. मध्यभागी कल १५ टक्क्यांच्या आसपास हवा, म्हणजे ९० सेंटीमीटर रुंदीला बाहेरची कड आतल्यापेक्षा १३-१४ सेंटीमीटर खाली. निघालेली माती निचऱ्याच्या लगेच खालच्या अंगाला, वाटेवरच, तीन ते चार मीटर लांब पसरून उंचवटा करा. एका वेळी पाच-सात सेंटीमीटरचा थर, धुमस, मग पुढचा थर. सगळी माती एकदम ओतून वरून ठोकली तर आतून पोकळ राहते. कोरडी वाटली तर मधे पाणी शिंपडा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि हाताला चिखल लागू नये, एवढी ओल पुरे.

निचऱ्याचं तोंड खाली किमान एक मीटरभर मोकळं करा आणि तिथे मुठीएवढे दगड पसरा, नाहीतर पाणी त्याच ठिकाणी नवी घळ पाडेल. खाली कोणाचं शेत, पाड्याची वाट किंवा पाणवठा असेल तर तोंड तिकडे काढायचं नाही.

लाकूड किंवा दगडांची ओळ आडवी टाकून पाणी अडवायची जुनी पद्धत सायकलच्या वाटेवर टाळा. मागे गाळ साचतो, पाणी वरून उडी मारतं आणि लोक बाजूने नवी वाट पाडतात. लांब, उथळ निचरा चालवतानाही सुखाचा असतो आणि गाळाने सहज भरत नाही.

चराचा सर्वांत उभा भाग, जिथे निचरा काढायला जागाच नाही, तिथे दगडी फरशी करावी लागेल. काम खालून वर. एकट्याला न उचलणारे दगड घ्या, लांब बाजू उभी ठेवून दोन-तृतीयांश भाग जमिनीत, सांध्यात चिपा आणि मुरूम ठोकून. प्रत्येक दगडावर उभं राहून अंग डोलवा. हलला तर काढून परत बसवा. पाच मीटर अशी फरशी करायला सहा माणसांची अख्खी सकाळ जाते, तेव्हा पहिल्याच दिवशी ४० मीटरचा नाद धरू नका. सोळा जणांत तीन तासांत तीन-चार निचरे नीट होतात. त्याहून जास्त धरले तर शेवटचे नुसते उरकले जातात.

वाट रुंद करू नका. ६० ते ९० सेंटीमीटर पुरेशी आहे. रुंदी वाढली की उघडी माती वाढते आणि तेवढंच पाणी जास्त जमतं. घट्ट रुतलेले दगड तर अजिबात काढू नका, मातीला तेच धरून आहेत. काढलेल्या प्रत्येक दगडाचा खड्डा पुढच्या पावसात चराची सुरुवात असतो. फक्त सुटे, चाकाखाली गडगडणारे दगड बाजूला करा आणि ते फरशीला वापरा.

हत्यारं सोळा जणांना: कुदळी ४, फावडी ४, घमेली ५, पहार १, धुमस २, दंताळं १, विळे २. दहा मीटरची गवंड्याची पाणी-नळी, मोजपट्टी, फक्की आणि पाण्याचे दोन कॅन. दोन माणसांत किमान दोन मीटर अंतर, कुदळ डोक्यावर न नेता. गवत फक्त वाटेच्या दोन्ही कडांना फूटभर कापा, मुळं राहू द्या. कापलेलं गवत जाळायचं नाही. हिवाळ्यापासून वणव्याची भीती सुरू होते.

दगड उचलताना आधी पहारीने आपल्या विरुद्ध दिशेला उलटा, बोटं खाली घालू नका. कोकणपट्टीत फुरसं दगडाखालीच बसलेलं असतं आणि मातीच्या रंगात दिसत नाही. दंश झालाच तर पट्टी आवळू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. तो अवयव हलू न देता माणसाला उचलून न्या, १०८ ला फोन करा. प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयात ठेवलेलं असतं ते आधीच्या आठवड्यात विचारून ठेवा.

येऊर_गेट
परवानगीचं आधी बघा, मग कुदळ घ्या.

येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली उद्यानात परवानगीशिवाय शिरता येत नाही, मग तिथे खणणं किंवा झुडूप तोडणं दूरच. म्हणून तुमचा येऊरचा रविवार उपवनकडून वर गावापर्यंतच्या डांबरी रस्त्यापुरता ठेवा. चढाच्या सरावाला तो उत्तम आहे. जंगलातल्या पायवाटांवर सायकल घालू नका, कोणीतरी ॲपवर टाकलेला मार्ग दिसला तरी. तो मार्ग टाकणाऱ्याने परवानगी काढली होती का, ते ॲप सांगत नाही.

बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा उजाडल्यावरच चढायला लागा. नोव्हेंबरात सूर्योदय साधारण पावणेसात ते सातच्या दरम्यान असतो. अंधारात दिवे लावून एकेकट्याने जाणं नको. मोठ्याने गाणीही नकोत, रस्त्याला लागून पाडे आहेत आणि लोक झोपलेले असतात.

खारघरच्या बाजूला काही जमीन वनखात्याची आहे, काही सिडकोची. तुमची ट्रेल नेमक्या कोणत्या गटातून जाते ते शोधा. गाव आणि गट क्रमांक मिळाला की महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो, भोगवटादाराच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते कळतं. वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या: तारीख, वेळ, माणसं किती, हत्यारं कोणती, नकाशावर कामाच्या जागा, आणि “नवी वाट काढणार नाही, झाड तोडणार नाही” हे स्पष्ट वाक्य. पोच घ्या. अर्ज पंधरा-वीस दिवस आधी गेला पाहिजे, म्हणजे आजच लिहायला बसा. उत्तर आलं नाही तर गप्प बसणं म्हणजे होकार, असं धरायचं नाही. श्रमदान पुढे ढकला.

आणि पाड्यावर जाऊन बोला. बहुतेक “ट्रेल” या पाड्यांच्या रोजच्या वाटा आहेत. आषाढात पाणी कुठून फुटतं ते तिथल्या माणसाला तुमच्या पाणी-नळीपेक्षा जास्त माहीत असतं. कामाला कोणी आलं तर त्याची दिवसाची मजुरी द्या. तुमचं श्रमदान हौसेचं आहे, त्याचा रोज बुडतो.

चेन_स्पोक
सायकलचं सांगतो, सोळा हार्डटेल म्हणजे सोळा वेगळे आवाज येणार.

हवा: ७० किलोच्या स्वाराला २.२ च्या ट्यूबवाल्या टायरमध्ये पुढे २६-२८, मागे २९-३१ पीएसआय. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते. मुरमावर चाक उड्या मारतं आणि पकड जाते. गाडीच्या पंपावर भरू नका, एका दाबात दहा-बारा पीएसआय इकडे-तिकडे होतात. गेजवाला फ्लोअर पंप गटात एक घ्या, पुरतो.

पंक्चर झालं की ट्यूब बघून कारण ओळखा. शेजारी-शेजारी दोन चिरा म्हणजे हवा कमी होती, ट्यूब रिम आणि दगडात चेचली. एकच बारीक भोक बाहेरच्या बाजूने म्हणजे काटा. आतल्या बाजूने भोक म्हणजे रिम टेप सरकलीय, तिथे कितीही पॅच लावा, परत जाणार. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जाड फडकं फिरवा. बाभळीच्या काट्याचं टोक रबरात तुटून राहिलेलं असतं आणि बोटाने चाचपलं तर बोटात जातं.

ट्यूबलेस करायचं असेल तर रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी बनलेले हवेत. २९ च्या २.२५ टायरला १०० मिलीलीटरच्या आसपास सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं द्रव. आपल्या हवेत ते लवकर सुकतं, दर दोन-तीन महिन्यांनी पाहून भर घाला. पण महिना सुरू व्हायला पंधरा दिवस असताना आठ नवख्यांच्या सायकली ट्यूबलेस करायला घेऊ नका. जास्तीच्या दोन ट्यूब जवळ असलेला माणूस पुढे जातो. अर्धवट बसलेल्या टेपचा ट्यूबलेस तिथेच अडकतो.

ब्रेक: पॅडचं साहित्य पाठीचा पत्रा सोडून एक मिलीमीटरच्या खाली गेलं असेल तर डोंगरावर नेऊ नका. नवे पॅड घातले तर सपाट रस्त्यावर वीस-एक वेळा मध्यम वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत आणा, चाक लॉक होऊ न देता. न बसवलेले पॅड पहिल्याच उतारावर काचेसारखे गुळगुळीत होतात. चेनला स्प्रेने तेल मारताना रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) शिंतोडे गेले की ब्रेक गेला समजा. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो, पॅडने तेल प्यायलं तर बदलावाच लागतो.

चेन किती ताणलीय ते गेजने मोजा. मागे दहा गिअरपर्यंत ०.७५ टक्के, अकरा-बाराला ०.५ दाखवलं की बदला. उशीर केला तर कॅसेटही जाते, आणि तो खर्च चेनच्या कित्येक पट असतो.

प्रत्येकाने ठेवायचं: ट्यूब, दोन लिव्हर, मल्टिटूल. गटात मिळून: दोन हातपंप, पॅच, चेन तोडायचं हत्यार, ९, १० आणि ११ गिअरचे क्विक लिंक, झिप टाय, आणि डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा). हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, दुसऱ्याचा बसत नाही. तेव्हा ज्याचा त्याने घ्यावा. पडल्यावर सर्वांत हलका गिअर लावून बघू नका. हँगर आत वाकला असेल तर डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि चाकही घेऊन जातो. आधी मागे उभं राहून डिरेलर सरळ लोंबतोय का ते बघा.

पाम बीच, खाडीकाठ असं फिरलात की गोड्या पाण्याने पुसून चेनला तेल द्या. प्रेशर वॉशरचा फवारा हब आणि बॉटम ब्रॅकेटवर नको.

ऐरोलीचं_चाक
फार उपयोगी. अर्ज उद्याच देतो, श्रमदान पहिल्या रविवारी. दोन शंका. निचऱ्यांमधलं अंतर किती आणि पाणी-नळीने उतार कसा मोजायचा? एक मित्र ९५ किलोचा आहे, त्याला हवा किती? शिवाय, नवख्यांना तिसऱ्या रविवारी थेट ट्रेलवर न्यावं का?

मुरूम_माती
नळीत फुगे राहू न देता पाणी भरा. दोन माणसं वाटेच्या रेषेत तीन मीटरवर उभी करा, दोघांकडे सारखी काठी. पाण्याची पातळी दोन्हीकडे स्थिर झाली की जमिनीपासूनची उंची मोजा. फरक ३० सेंटीमीटर आला तर उतार १० टक्के. तसाच आडवा, डोंगराचा उतारही मोजा. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त असेल तर त्या ठिकाणी पाणी बाहेर पडायला बघतच नाही, निचरा काढूनही फायदा कमी. तिथे दगडी फरशीच.

अंतर आपल्या पावसाला १० टक्के चढावर १५-२० मीटर, ५ टक्क्यांवर ३० मीटर धरा. तुमच्या ४० मीटरला दोन, आणि एक चराच्या सुरुवातीच्या वर. तो वरचा सगळ्यांत आधी करा.

चेन_स्पोक
९५ किलोला पुढे ३२-३३, मागे ३५-३६ पासून सुरुवात. स्प्रिंगवाला फोर्क असेल तर प्रीलोडची गुंडी आवळून स्प्रिंग कडक होत नाही, फक्त बसल्यावर फोर्क कमी दबतो. खूपच आपटत असेल तर कडक स्प्रिंग बदलून घ्यावी लागते. उतारावर फोर्क कडक करणारा लॉकआउट उघडा आहे ना, ते सगळ्यांचं बघा.

स्वीप_ताई
ग्रुप राईडचं राहिलंच की.

दुसऱ्या रविवारी येऊर किंवा पाम बीच यातलं एकच घ्या आणि उरलेला वेळ मोकळ्या मुरमाच्या मैदानात घाला. पाम बीचवर गाड्या वेगात असतात, तिथे नवख्याला काहीच शिकता येत नाही. मैदानात दीड तास पुरे. सीट दोन-तीन इंच खाली, पेडल समपातळीत, उभं राहून गुडघे-कोपर सैल. एक बोट ब्रेकवर, बाकी हँडलवर. खुणेच्या दगडापाशी दोन्ही ब्रेकने थांबा, मागचं चाक न घासता. हे पुन्हा पुन्हा करून घ्या. घासलेलं चाक वाटेवर सरळ रेघ ओढतं आणि पावसात तीच रेघ चर होते, मुरूमदादांनी काढलेले निचरे असल्या ब्रेकिंगने एका हंगामात बुजतील. मग खडूने आखलेल्या अरुंद पट्ट्यातून हळू चालवणं, शेवटी वीटभर उंचीच्या दगडावरून पुढचं चाक उचलून नेणं. ज्यांना हे सगळं जमतं ते तिसऱ्या रविवारी ट्रेलवर. बाकीचे त्या दिवशी पनवेल-नेरे-धोदाणीच्या रस्त्याला. माथेरानच्या पायथ्याचा रस्ता आहे, एका बाजूने वीस किलोमीटरच्या आत आणि खाण्याची सोय वाटेत.

ट्रेलवर सोळा जण एकत्र नको. आठ-आठचे दोन गट, वीस मिनिटांच्या अंतराने. प्रत्येकात पुढे वाट माहीत असलेला आणि शेवटी स्वीप. स्वीपला दुरुस्ती आणि प्रथमोपचार आलाच पाहिजे, आणि तो कोणाच्याही पुढे जात नाही. नियम एकच ठेवा: प्रत्येक फाट्यावर तुमच्या मागचा दिसेपर्यंत थांबायचं. बिनसलेल्या राईडमध्ये बहुतेक वेळा हाच नियम मोडलेला असतो.

वर चढणाऱ्याला वाट आधी. मोळी किंवा हंडे घेतलेली बाई समोर आली तर सायकलवरून उतरायचं, सायकल दरीच्या अंगाला धरून उभं राहायचं, आतली बाजू तिची. घंटी लांबून एकदा, जवळ जाऊन नाही. गुरं असतील तर थांबा.

पाणी माणशी तासाला अर्धा ते पाऊण लीटर, सोबत ओआरएसच्या दोन पुड्या. साडेदहापर्यंत खाली. डोक्याला मार लागून उलटी, गोंधळ किंवा झापड आली तर “थोडं बसू दे” करू नका, लगेच १०८. खरचटलं तर आधी स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, मुरमाचे कण आत राहिले की जखम चिघळते.

शनिवारी संध्याकाळी एक मेसेज: भेटण्याची जागा, वेळ, स्वीपचा नंबर, घरी कळवायचा एक नंबर. आणि हवामान. नोव्हेंबरात अवेळी सर पडली तर रविवारी वाटेवर चालून बघा. बुटाचा ठसा सेंटीमीटरभर खोल उमटला किंवा टायरला माती चिकटायला लागली तर ट्रेल रद्द, सगळे धोदाणीला.